खूण

खारघरला, डोंगराच्या बाजूच्या तिसऱ्या मजल्यावर
मी मेणात बुजवलेल्या वृषणाचे काप काढते.
पाच मायक्रॉन. कांद्याचा पापुद्राही याहून जाड.
कोमट पाण्यावर त्यांची रिबीन तरंगते,
ब्रशच्या टोकानं एकेक काचेवर घ्यायचा,
श्वास जरा आवरून.

उंदीर क्रमांक चारशे बारा.
खायचा, चाकात पळायचा, मादीवर चढायचाही.
पिल्लं झाली नाहीत.
त्याच्यात एक एन्झाइम नव्हतं, एवढंच.
काम तसं हलकंच त्याचं:
प्रथिनाच्या पाठीवर युबिक्विटिनची
इवलीशी खूण डकवायची आणि पुढं जायचं.
तोडणारे वेगळे. ते मागून येतात.

बाबा हेच म्हणायचे.
विश्राम कोयंडे, महापालिका, ठाणे.
लाल रंगाचा डबा, दोन इंची ब्रश.
"मी खंय पाडतंय कोणाचा? मी नुसता लिवतंय."
राबोडी, कळवा, कोपरी, जिन्याखालच्या भिंतींवर: धोकादायक.
'धो' ऐसपैस यायचा
आणि 'यक'ला जागा उरायची नाही,
दोन अक्षरं कोपऱ्यात अंग चोरून बसायची.
वरून बायका पाणी ओतायच्या. एकदा कढत.
रविवारी तेच बाबा पोलिओवाल्या बाईंबरोबर
दारोदार खडूनं आकडे घालत फिरायचे,
तेव्हा त्याच बायका चहा द्यायच्या.

तांबट मॅडम म्हणतात, प्रत्येक खूण मोडण्यासाठी नसते.
काही नुसतं म्हणतात, जरा सरका.
शुक्रपेशी घडताना
डीएनए ज्या रिळांवर गुंडाळलेला असतो
त्या हिस्टोनवर खूण पडते, वेटोळी सैलावतात,
रिळं निघून जातात.
मग प्रोटामिन येतात आणि सगळं आवळून बांधतात,
परगावी जाणाऱ्याच्या वळकटीसारखं.
अंगातला उरलासुरला ऐवजही मागं टाकायचा,
शेजारची दाई पेशी तो मुकाट गिळते.
राहतं डोकं, शेपूट
आणि निघायची घाई.

चारशे बाराच्या नळ्यांत खूणच कुणी केली नाही.
भिंगाखाली पेशी गोलमटोल,
जुनी रिळं पोटाशी धरून.
आईसारख्या.
खारेगावहून घणसोलीला येताना तिनं आणलेलं
झाकण नसलेली बरणी,
बरणी नसलेलं झाकण.

हो, आमचीही इमारत.
रजा टाकता आली असती बाबांना.
सकाळी डबा घेऊन खाली उतरले,
आधी ओल्या फडक्यानं भिंत पुसली,
आणि त्या एकदाच
'यक'ला जागा पुरली.

मॅडमना मी विचारलं होतं,
खूण करणारा स्वतःवरही करतो?
"करतात की. नेहमीचंच आहे,"
त्या म्हणाल्या, आणि सेंट्रिफ्यूज लावायला गेल्या.

पर्समध्ये निनादचा रिपोर्ट आहे, वाशीचा.
डोक्यांचा आकार सदोष, शंभरात सत्त्याण्णव.
रिक्षात तो म्हणाला, तुमच्या उंदरासारखं?
मी म्हटलं, उंदीर वेगळा, माणूस वेगळा.
हे खरंच आहे.
पाम बीचवर सिग्नलला बराच वेळ थांबलो.
मग तो म्हणाला, बिचारा उंदीर.
आणि आम्ही दोघं इतके हसलो
की रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं.

एक पेशी घडायला माणसाला
चौऱ्याहत्तर दिवस लागतात.
कॅलेंडरवर मी ते मोजले, आणि कुठंच गोल केला नाही.

काप वाळलेत. आता रंग,
मग अल्कोहोल, मग झायलीन.
त्यात शाई टिकत नाही,
नव्या मुलींना हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं.
काचेच्या खरखरीत कडेवर
साध्या शिसपेन्सिलीनं लिहिते
४१२,
आणि मागं जागा सोडते.